एकोणिसावी ओळ

१

ऑफिसात तिला सगळे आकडेताई म्हणत आणि तिची त्याला हरकत नव्हती. एका संस्थेत पंधरा वर्षं काढल्यावर माणसाला काहीतरी नाव पडतंच. तिच्या वाट्याला त्यातल्या त्यात बरं आलं होतं. परवानग्या आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सिस्टीमवाल्याला तर सगळे ‘कुलूप’ म्हणायचे. तोही फोन उचलून खुशाल सांगायचा, “कुलूप बोलतोय.”

संस्थेच्या आवारातच, बागेच्या पलीकडे, म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास होता. अठरा खोल्या, अठरा माणसं. प्रत्येकाच्या गादीखाली एक पातळ चटई घातलेली होती आणि माणूस आडवा असेपर्यंत ती त्याचे श्वास मोजत राहायची. उतारवयात झोपेतला श्वास कसा बदलत जातो, याचा अभ्यास चालला होता. सकाळी नऊला आकडेताईने प्रोग्रॅम चालवायचा आणि तक्ता काढून निवासाच्या डॉक्टरांना पाठवायचा. खोलीचा क्रमांक आणि मिनिटाला सरासरी किती श्वास. अठरा ओळी, बस्स.

त्यातली सातवी ओळ ती आधी बघायची. सात नंबरात तिची मावशी होती. आईच्या माघारी तिला वाढवलं ते मावशीनेच. आता गुडघे गेले, घरात जिने, म्हणून इथे आणलेली. सातव्या ओळीत सोळा किंवा सतरा दिसलं की आकडेताई चहा घ्यायला उठायची.

या तक्त्यामागचं गणित रोज नव्याने लिहायची गरज नव्हती. तिच्या आधीच्या सरांनी एक फोल्डर करून ठेवलं होतं. त्यात एक्केचाळीस फाइली, प्रत्येकीत एकेक मॅक्रो, म्हणजे एकदा लिहून ठेवलेली आणि हवी तेव्हा वापरायची कृती. फाइलचं आणि मॅक्रोचं नाव एकच. प्रोग्रॅममध्ये टक्क्याची खूण करून नुसतं नाव लिहिलं, की सॉफ्टवेअर आपणहून त्या फोल्डरात जाऊन त्या नावाची फाइल शोधून आणतं आणि कामाला लावतं. नवीन माणसाला शिकवताना ती म्हणायची, “नावाने हाक मारायची, की येतं. नाव चुकलं तर लाल अक्षरांत ओरडतं, असं काही नाही म्हणून. घाबरायचं नाही.”

त्या सोमवारी ती श्वासांच्या सरासरीच्या मॅक्रोचं नाव लिहीत होती आणि फोन वाजला. अर्धंच नाव लिहून झालं होतं. फोनकडे वळताना तिचा हात चालवायच्या कळीवर पडला.

फोन चुकीचा होता. तिने परत पडद्याकडे बघितलं, लाल ओळ दिसेल या हिशेबाने. लाल काही नव्हतं. तक्ता तयार होता.

त्यात एकोणीस ओळी होत्या.

२

एकोणिसाव्या ओळीत खोली क्रमांक एकोणीस होता आणि श्वास होता एक. मिनिटाला एक.

तिने आधी स्वतःलाच नावं ठेवली. एखादी चटई दुरुस्तीला आली असेल, कुणीतरी नवा क्रमांक देऊन जोडली असेल. हे पटण्यासारखं होतं. न पटण्यासारखं वेगळंच होतं. त्या अर्ध्या नावाची फाइल फोल्डरात नव्हती. तिने बोट ठेवून मोजलं. एक्केचाळीस. मग आलं काय?

तिने कुलुपाला बोलावलं. तो खुर्ची ओढून बसला, पडदा वाचला आणि हसला.

“ताई, तुम्ही याला अर्ध्या नावाने बोलावलंत. लाडाने बोलावलं की येतंच माणूस.”

“अरे, थट्टा नंतर कर. फाइल कुठाय?”

“थांबा.” त्याने एक सोय सुरू केली. तिच्यामुळे मॅक्रो कुठल्या जागेवरून उचलला, ते सॉफ्टवेअर आपल्या रोजनिशीत म्हणजे लॉगमध्ये लिहून ठेवतं. मंगळवारी सकाळी दोघांनी मिळून, मुद्दाम, पुन्हा तेच अर्धं नाव लिहिलं. आकडेताईला ते लिहायचं नव्हतं. पण तपासल्याशिवाय सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि चूक पुन्हा करून दाखवता आली तरच ती सापडते, हे तिनेच दहा जणांना शिकवलं होतं.

लॉगमध्ये ओळ आली. जागा: तेच फोल्डर. फाइलचं नाव: तेच अर्धं.

कुलुपाने फोल्डर उघडलं. लपवलेल्या फाइली दाखवायला सांगितलं. पुन्हा बघितलं. अर्ध्या नावाची फाइल नव्हतीच.

तक्त्यात एकोणिसावी खोली होती. श्वास सहा.

“काल एक होता,” ती म्हणाली.

“चटईच बिघडलेली असणार,” तो म्हणाला. “मी आत्ता निवासात जाऊन बघून येतो.”

अर्ध्या तासाने तो परत आला. चटया अठराच होत्या. एकोणिसावी कपाटातसुद्धा नव्हती.

३

बुधवारी तिने नाव पूर्ण लिहिलं. एकेक अक्षर बोटाने वाचून, लहान मुलाला शिकवावं तसं. जुनं सत्र बंद करून, मशीन नव्याने सुरू करून. आधीच्या सत्रात जे काही मेमरीत आलं असेल, ते अशाने पुसलं जातं. हा नियम आहे, त्याला अपवाद नाही.

तक्त्यात एकोणीस ओळी होत्या. लॉगमध्ये लिहिलेलं होतं की अर्ध्या नावाचा मॅक्रो बोलावला गेला आणि चालला. कुणी बोलावला, ते नव्हतं. एक्केचाळीस फाइलींमधून तिने ते नाव शोधलं. कुठेही नाही.

एकोणिसाव्या ओळीत चाळीस.

मग तिची नजर सातव्या ओळीवर गेली. मावशी तेरावर आली होती. पाच नंबर बारा. चौदा नंबरात एक निवृत्त टपालमास्तर होते, भरदार छातीचे, ज्यांचा श्वास नेहमी अठराच्या घरात असायचा. ते अकरावर.

तिने गेल्या गुरुवारचा तक्ता काढला. काही चाललं होतं तिच्या डोक्यात असं नाही. हाताला सवय होती. अठरा ओळींची बेरीज केली. दोनशे सत्त्याहत्तर. शुक्रवारची दोनशे चौऱ्याऐंशी. रविवारची दोनशे एक्क्याऐंशी. माणसं आहेत, चार-सहाने इकडे-तिकडे व्हायचंच.

सोमवारच्या एकोणीस ओळींची बेरीज दोनशे एक्क्याऐंशी.

मंगळवारची दोनशे एक्क्याऐंशी.

बुधवारची तिने कागदावर केली, पेन्सिलने, हातचे वर लिहून. पेन्सिलीचं टोक मोडलं. बेरीज तीच होती.

म्हणजे नव्याने काही आलंच नव्हतं. जे होतं त्यातलंच वाटलं जात होतं.

तिने डॉक्टरांना फोन केला. “बघितलं मी,” ते म्हणाले. “श्वास थोडे कमी आहेत खरे. पण ऑक्सिजन उत्तम आहे सगळ्यांचा. नाडी उत्तम. छान झोपताहेत सगळे. तुमच्या त्या जादा ओळीचं तेवढं बघा.”

४

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बाग ओलांडून गेली.

निवासाचा बोळ तिच्या पायाखालचा होता. डावीकडे नऊ दारं, उजवीकडे नऊ, आणि समोर भिंत. भिंतीवर आग लागली तर कुठून बाहेर पडायचं त्याचा नकाशा आणि खाली घंटीची लाल पेटी. फरशी नुकतीच पुसलेली. दुपारची झोपेची वेळ. सगळी दारं अर्धवट लोटलेली.

ड्यूटीवरची सिस्टर टेबलाशी बसून नोंदी करत होती. “या ताई. मावशी झोपल्यात. हल्ली सगळेच गुडुप झोपतात बघा. एवढी शांत दुपार मी दहा वर्षांत बघितली नाही. आधी चौदा नंबरातले टपालमास्तर घोरायचे, ते बागेपर्यंत ऐकू जायचं.”

“काही वेगळं वाटतं का तुम्हाला?”

सिस्टर पेन थांबवून म्हणाली, “वेगळं काय… जेवणाची ताटं आज एकोणीस काढली मी. माझी मीच हसले.”

आकडेताई मावशीच्या पलंगाशी स्टुलावर बसली. मावशी उताणी झोपली होती, हात पोटावर. चेहरा असा निवांत, की बघणाऱ्याला हेवा वाटावा. तिने घड्याळ काढून हातात घेतलं आणि श्वास मोजायला लागली.

एक. छाती वर आली. खूप वेळ वरच राहिली. मग खाली गेली.

दोन. वर आली.

तिसऱ्या श्वासाला तिच्या लक्षात आलं, आणि मग ते ध्यानातून जाईना. मावशीने श्वास घेतल्याचा आवाज इथे येत होता, नाकाशी, अगदी जवळ. सोडल्याचा आवाज इथे येत नव्हता. छाती खाली जात होती, पण गुपचूप. आणि नेमक्या त्याच वेळी, दाराबाहेर, बोळाच्या टोकाला, कुणीतरी लांब सुस्कारा टाकत होतं.

खिडकी असेल उघडी. नळातली हवा असेल. तिने उठून दाराबाहेर बघितलं. टोकाला भिंत, नकाशा, लाल पेटी.

ती परत बसली तेव्हा मावशीचे डोळे उघडे होते.

“ठके,” मावशी म्हणाली. लहानपणापासून ती तिला ठकीच म्हणायची. “तू कधी आलीस?”

“आत्ताच. मावशी, चार दिवस घरी येतेस माझ्याकडे?”

“आत्ता नको गं.”

“जिन्याचं बघू आपण. खुर्चीतून उचलून नेऊ.”

“तसं नव्हे. आत्ता इथं काम आहे.” मावशी हसली. “तू सोमवारी अर्धंच नाव घेतलंस ना?”

आकडेताईच्या हातातलं घड्याळ फरशीवर पडलं. ऑफिसातलं एक अक्षर तिने मावशीला सांगितलेलं नव्हतं.

“कुणी सांगितलं तुला?”

पण मावशीची छाती वर आली होती, डोळे मिटले होते, आणि बोळाच्या टोकाला कुणीतरी सुस्कारा टाकला.

त्या संध्याकाळी ती डॉक्टरांशी भांडली. ते शांतपणे म्हणाले, की मावशीची स्वतःची इच्छा नसताना, काही दुखत-खुपत नसताना, त्यांना कुठल्या कारणाने हलवायचं? घरी जाऊन तिने स्वतःची नाडी बघितली, स्वतःचे श्वास मोजले. सोळा. मग आपण हे का करतोय, या विचाराने तिची तिलाच लाज वाटली.

५

गुरुवारी सकाळी तिने कुलुपाला सांगितलं, “ते फोल्डर तोड.”

“ताई, तोडलं तर तुमचं सगळंच बंद पडेल. एक्केचाळीसही.”

“पडू दे.”

त्याने वरून लेखी परवानगी आणली, त्यातच दीड वाजला. मग त्याने सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून फोल्डरचा पत्ता काढून टाकला. तेवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. फोल्डरच्या सगळ्या फाइली काढून दुसऱ्या मशीनवर नेल्या, ते मशीन बंद केलं आणि वायर ओढून काढली. आता हाक मारली तरी ओ द्यायला मागे कुणी उरलं नव्हतं.

“चालवा,” तो म्हणाला. “सगळं लाल व्हायला पाहिजे.”

तिने गेल्या तासाचा तक्ता मागितला. दुपारच्या झोपेचा तास. कळ दाबली.

लाल झालं. एकामागून एक, असं काही नाही, असं काही नाही, लाल ओळींनी पडदा भरून वर सरकत राहिला. कुलुपाने सुटकेचा श्वास टाकला आणि तिच्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात पहिल्यांदा लाल अक्षरं बघून तिला बरं वाटलं. ती हसलीसुद्धा.

मग लाल ओळी थांबल्या आणि खाली एक काळी ओळ आली. अर्ध्या नावाचा मॅक्रो चालला, अशी. जागेचा रकाना कोरा.

आणि तक्ता उघडला.

त्यात अठरा ओळी नव्हत्या. एकच होती. खोली एकोणीस.

श्वास दोनशे एक्क्याऐंशी.

कुलूप म्हणाला, “हे… हे तर मिनिटाला…” पण ऐकायला ती खोलीत नव्हती. ती जिना उतरत होती, अनवाणी. चपला टेबलाखाली राहिल्या होत्या आणि ते तिला रात्री पाय धुताना कळलं.

६

बोळात काडीचा आवाज नव्हता. सिस्टर टेबलाशी बसली होती, पेन हातात, मान किंचित कलती, जणू लांबचं गाणं ऐकतेय. आकडेताईने तिचा खांदा धरून गदगदा हलवला तेव्हा ती दचकून उभी राहिली. “अगंबाई, डोळा लागला वाटतं…”

“बाहेर काढा सगळ्यांना. आत्ता.”

“काय झालं?”

सांगत बसायला वेळ नव्हता. ती धावत बोळाच्या टोकाला गेली, भिंतीवरच्या लाल पेटीची काच कोपराने फोडली आणि घंटी दाबली.

घंटी कर्कश वाजली. अठरा दारांमागे कुणीही हललं नाही.

ती सात नंबरात शिरली. मावशीची छाती खाली होती. वर येत नव्हती. तिने काखेत हात घालून मावशीला उचललं. एवढीशी झाली होती ती, उशीएवढी. चाकाच्या खुर्चीत ठेवलं, पट्टा लावला. बाहेर आली तर मागून कुलूप आला होता, स्वयंपाकघरातली दोन माणसं आली होती, माळी आला होता. सगळ्यांना आगच लागलीय असं वाटत होतं आणि तिने तसंच वाटू दिलं. खुर्च्या, चादरी, हातांची झोळी, जसं जमेल तसं एकेकाला उचलून बागेत नेऊ लागले.

मावशीची खुर्ची दाराकडे वळवताना तिने मागे बघितलं. बघायचं नव्हतं. घंटीच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, बारीक, भरभर, कागदाची चळत कुणी अंगठ्याने फरफर सोडावी तसा, आणि तो तिच्या पाठीमागून येत होता.

आत्ता जिथे तिने काच फोडली होती, तिथे भिंत नव्हती. दार होतं. इतर दारांसारखंच, अर्धवट लोटलेलं, त्याच रंगाचं. फटीतून पलंगाचं पायथ्याकडचं टोक दिसत होतं, गादीखालून आलेली चटईची वायर दिसत होती आणि चादर दिसत होती. चादरीखाली पलंगभर काहीतरी होतं. ती चादर थरथरत होती, इतक्या भराभर, की कड धूसर दिसत होती.

आणि मग घंटी थांबली, आणि चादरही थांबली. खालचं जे होतं, त्याने श्वास रोखून धरला, ऐकण्यासाठी.

ती पळाली.

७

बागेत हिरवळीवर ओळीने सगळ्यांना निजवलं होतं. भर उन्हात, त्यांच्या डोक्यावर वर्तमानपत्रं धरून माणसं उभी होती. सगळ्यांत आधी मावशी खोकली. मग पाच नंबर खोकला, मग दोन नंबरच्या आजी, आणि मग कुणीतरी बटण दाबावं तसे सगळे श्वास घ्यायला लागले, मोठमोठे, बुडालेल्या माणसांसारखे. सिस्टर रडत रडत मोजत होती. सतरा.

अठरावे टपालमास्तर होते. त्यांना कुलूप आणि माळी मिळून घेऊन आले होते. अंग गरम होतं, चेहऱ्यावर समाधान होतं आणि डॉक्टर गुडघ्यावर बसून बराच वेळ त्यांच्या छातीवर दाब देत राहिले. शेवटी त्यांनी मान हलवली.

कुलूप पुन्हा आत जाऊन आला. पांढराफटक होऊन. “भिंत आहे,” तो म्हणाला. “ताई, नुसती भिंत आहे. काच फुटलेली पेटी आहे.” त्याने हात पुढे केला. तळव्याला ओल होती. “पण भिंत गरम आहे. आणि ओली.”

त्याच दिवशी निवास रिकामा केला गेला. कारण म्हणून वायुगळती असं लिहिलं. गळती सापडली नाही. आकडेताईने राजीनामा दिला आणि मावशीला घरी आणलं. जिन्यावरून कुलुपानेच तिला उचलून वर आणलं.

आठवडाभर मावशी बोलली नाही. श्वास सोळा होता, सतरा होता; आकडेताई दिवसातून दहा वेळा मोजायची. आठव्या दिवशी, सकाळी, केस विंचरून घेताना, मावशी आपणहून म्हणाली, “मास्तरांनी सगळाच देऊन टाकला. मी म्हटलं होतं त्यांना, थोडा थोडा द्या.”

फणी केसांतच राहिली.

“कुणाला, मावशी?”

मावशीने आरशातून तिच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. लहानपणी काही मोडलं-तोडलं, की ती असंच बघायची.

“आम्ही सगळे मिळून शिकवत होतो गं त्याला,” ती म्हणाली. “आत्ता कुठं श्वास घ्यायला जमायला लागलं होतं. आणि तू त्याला तिथं एकटं टाकून आलीस.”